डेअरी की डायरी? तीच अक्षरं असलेले इंग्रजी शब्द वेगळे कसे ठेवावेत

माझ्या पहिल्या नोकरीत मी किरकोळ रजेचा अर्ज इंग्रजीत लिहिला आणि ‘कॅज्युअल लीव्ह’च्या जागी ‘कॉझल लीव्ह’ लिहून दिलं. अक्षरं तीच सहा, फक्त एस आणि यूची अदलाबदल. वरिष्ठांनी तो अर्ज सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला. कॅज्युअल म्हणजे किरकोळ, नैमित्तिक. कॉझल म्हणजे कारणाशी संबंधित. त्या दिवशी मला दोन्ही अर्थ कायमचे कळले, पण असं कळणं कुणाच्याच वाट्याला येऊ नये. पुढं सोलापुरात मुलांना इंग्रजी शिकवायला लागले तेव्हापासून ही चूक मी एकदाही ‘चालतंय की’ म्हणून सोडलेली नाही.

पहिल्यांदा शब्द गोळा करा. मुलाच्या चुकलेल्या निबंधांतून आणि डिक्टेशनमधूनच घ्या, तयार याद्या नकोत.

मग प्रत्येक शब्दाची अक्षरं मोजा आणि तेवढ्याच लांबीचे, त्याच अक्षरांचे शब्द शेजारी मांडा. मुलांना हा खेळ फार आवडतो. टॉवेलची पाच अक्षरं हलवली की आउलेट होतो, म्हणजे घुबडाचं पिल्लू. थ्रेड म्हणजे धागा. त्याच सहा अक्षरांतून डर्थ, म्हणजे टंचाई. शीट म्हणजे चादर, आणि तिच्यातच धीज, म्हणजे ‘हे’ किंवा ‘या’. सोलापूरच्या पूर्व भागातल्या ज्या पोरांच्या घरात कापड विणायचा माग आहे, ती टॉवेल, धागा आणि चादर हे तीन शब्द विसरत नाहीत.

आता जोड्यांची वाटणी करा. टॉवेल आणि आउलेट यांत कुणाचाही गोंधळ होत नाही, म्हणून त्यावर वेळ घालवू नका. गोंधळ होतो तो शेजारशेजारच्या दोनच अक्षरांनी जागा बदललेली असते तिथं. डेअरी आणि डायरी. ट्रेल म्हणजे माग किंवा पायवाट, ट्रायल म्हणजे खटला. एंजल म्हणजे देवदूत, अँगल म्हणजे कोन. क्वायेट म्हणजे शांत, क्वाइट म्हणजे बराच, अगदी. सेक्रेड म्हणजे पवित्र, स्केअर्ड म्हणजे घाबरलेला. युनायटेड म्हणजे एकत्र आलेले, अनटाइड म्हणजे सुटलेलं, न बांधलेलं. फॉर्म आणि फ्रॉम तर रोजचेच. यातला कुठलाही शब्द चुकून लिहिला तरी मोबाइलचा स्पेलचेक सहसा लाल रेघ मारत नाही, कारण लिहिलेला शब्दही खराच असतो.

खरी अवघड पायरी पुढं आहे, आणि बहुतेक मार्गदर्शक इथंच पोराचं वाटोळं करतात. ते काय करतात? दोन रकान्यांचा तक्ता. डावीकडं डेअरी, उजवीकडं डायरी, समोर अर्थ, दहा वेळा लिहून आणा. मीसुद्धा पहिली काही वर्षं हेच केलं. मुलं शनिवारी सगळं बरोबर लिहायची आणि सोमवारी उलटं. एका मुलीला डेअरी पूर्वी नीट यायचं. मी तक्ता दिल्यावर तेही चुकायला लागलं. शब्द माहीत असूनही कुठला कुठं हेच ठरेना, कारण दोन्ही तिनं एकाच दिवशी, एकाच पानावर, एकमेकांना चिकटवून पाठ केले होते. तिला मी तो गोंधळच पाठ करून दिला होता, हे समजायला मला फार उशीर झाला.

म्हणून माझा नियम पक्का आहे: जोडीतले दोन शब्द एका दिवशी शिकवायचे नाहीत. आधी एकच घ्या, रोज वापरात येणारा. तो आठवडाभर वाक्यांत वापरू द्या, ऐकून लिहू द्या. दुसऱ्याचं नावसुद्धा काढू नका. पहिला न विचारता, न अडखळता उतरायला लागला की मगच दुसरा आणा.

प्रत्येक शब्दाला एक खुंटीही हवी, म्हणजे तो लक्षात ठेवायची खूण, आणि ती त्याच्या अक्षरांतूनच निघाली पाहिजे. बाहेरून चिकटवलेल्या गमतीशीर गोष्टी परीक्षेच्या वेळी आठवत नाहीत. डेअरीच्या पोटात ए-आय-आर, म्हणजे एअर, हवा आहे. ट्रेलमध्ये टी काढला की रेल उरते, आणि आमच्या सोलापूरच्या पोरांना रेल काय सांगावी! क्वायेटचा शेवट डाएटसारखा: डाएटमध्ये तोंडाला कुलूप, क्वायेटमध्येही. क्वाइटचा शेवट मात्र काइट आणि व्हाइटसारखा. ट्रायअँगलच्या आत अँगल जसाच्या तसा बसलेला आहे. कॉझल हा कॉज, म्हणजे कारण, या शब्दातून आला, तर कॅज्युअलची शेवटची चार अक्षरं युज्वलचीच. ही खुंटी मला अर्ज लिहिण्याआधी कुणी दिली असती तर!

एक जोडी मी कधीच सोडत नाही. मार्शल म्हणजे लष्करी, युद्धाशी संबंधित. मॅरिटल म्हणजे वैवाहिक. दोन्हींत सात अक्षरं, फक्त टी आणि आय यांची अदलाबदल. मे १९३० मध्ये इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ पुकारला आणि पुढं मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी दिली. त्या चार हुतात्म्यांच्या शहरातल्या मुलानं निबंधात ‘मॅरिटल लॉ’ लिहावं, हे मला सहन होत नाही. खुंटी अशी: मार्स हा रोमन लोकांचा युद्धदेव, मार्शल त्याच्यावरून आला, आणि त्याचा शेवट पार्शलसारखा, टी-आय-ए-एल.

अर्थ सांगताना नुसता मराठी प्रतिशब्द देऊन थांबू नका, डोळ्यांसमोर येईल असं वाक्य द्या. सेक्रेडसाठी सिद्धेश्वराचा तलाव, स्केअर्डसाठी सिद्धेश्वराच्याच गड्ड्याच्या जत्रेत उंच पाळण्यात बसलेला धाकटा भाऊ. ट्रायलसाठी वरच्याच चौघांवरचा खटला.

इंग्रजी शब्दावर देवनागरीत उच्चार लिहून ठेवू नका. मूल देवनागरीच वाचतं, खालच्या अक्षरांकडं बघतही नाही. त्यापेक्षा अक्षरं मोठ्यानं म्हणायला लावा. कमल आणि कलम यांतही दोनच अक्षरांची अदलाबदल आहे, पण आपली पोरं तिथं चुकत नाहीत, कारण मराठीत प्रत्येक अक्षर तोंडानं म्हटलं जातं. इंग्रजी शब्द ती नुसत्या नजरेनं पहिल्या-शेवटच्या अक्षरावरून ओळखतात, आणि चूक नेमकी मधल्या अक्षरांत किंवा शेवटच्या दोनांत असते. त्यामुळं डी-ए-आय-आर-वाय असं ठासून म्हणा, मग लिहा.

दोन्ही शब्द एकत्र आणायचे ते फक्त डिक्टेशनमध्ये, दुसरा शब्द शिकून आठवडा उलटल्यावर, आणि तेही वाक्यातून: ‘डेअरीचा हिशोब डायरीत लिही’. चुकलं तर दहा वेळा लिहायला लावू नका. खुंटी विचारा, ती सांगता आली नाही तर जोडी पुन्हा सुटी करा आणि आठवडाभर थांबा. लागोपाठ तीन डिक्टेशनमध्ये दोन्ही बरोबर आले की वहीत त्या जोडीवर रेघ मारा आणि पुढची घ्या.