रानल्युपिन: रेताड जमिनीत बियांपासून लागवड

उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात आणि ग्रेट लेक्सच्या आसपास, जिथे पाइनची झाडे विरळ असतात, ऊन थेट जमिनीवर पडते आणि पायाखाली वाळू लागते, अशा रानांत मे-जूनच्या सुमारास निळ्या-जांभळ्या फुलांचे उभे तुरे दिसतात. हा तिथला मूळचा बहुवर्षायू रानल्युपिन होय. त्याचे शास्त्रीय नाव लुपिनस पेरेनिस. त्या प्रदेशात ज्यांची बाग आहे त्यांनी तो अवश्य लावावा, कारण कार्नर ब्ल्यू या चिमुकल्या निळ्या फुलपाखराची (त्याचे शास्त्रीय वर्णन कादंबरीकार व्लादिमीर नाबोकोव यांनी केले) अळी रानात याच एका वनस्पतीच्या पानांवर जगते. ही राने वस्तीखाली गेल्यामुळे, आणि वणवे थांबवल्यावर उरलेल्या रानांत दाट झाडी माजल्यामुळे, १९९२ साली हे फुलपाखरू अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत गेले.

बी घेताना पाकिटावरचे शास्त्रीय नाव वाचावे. बागांसाठी सर्रास विकले जाणारे रंगीबेरंगी ल्युपिन बहुधा पश्चिम किनाऱ्याकडील लुपिनस पॉलिफिलस या जातीचे संकर असतात. ते पूर्वेकडे मोकाट पसरतात आणि मूळ जातीशी त्यांचा संकरही होतो. रानल्युपिन जेमतेम ३० ते ६० सेंटीमीटर उंच होतो आणि त्याच्या पंजासारख्या पानात साधारण ७ ते ११ पर्णिका असतात. रानातून झाड उपटून आणण्याचा विचारही करू नये. सोटमूळ इतके खोल जाते की ते उपटताना तुटते आणि झाड सहसा जगत नाही.

जागा दिवसाचे किमान सहा तास ऊन येणारी आणि पाणी झटकन झिरपणारी असावी. शेणखत किंवा कंपोस्ट घालण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. मुळांवरच्या गाठींतील जिवाणूंच्या मदतीने हे झाड हवेतला नायट्रोजन स्वतःच मिळवते. जमीन कसदार केली तर फायदा गवताचा होतो आणि ल्युपिन त्याखाली दबून जातो.

बियांचे कवच टणक असते. वसंतात पेरायचे असल्यास बिया दोन सँडपेपरांमध्ये हलक्या हाताने घासाव्यात; कवचाची चमक जाऊन त्यावर ओरखडे दिसू लागले की थांबावे. मग त्या रात्रभर पाण्यात भिजवाव्यात. सकाळी काही बिया टपोऱ्या झालेल्या दिसतील आणि काही तशाच बारीक, कडक राहिलेल्या असतील. त्या कडक बिया पुन्हा घासून पुन्हा भिजवाव्यात. फुगलेल्या ओल्या बियांना खास ल्युपिनसाठी मिळणारे जिवाणूखत चोळून अर्धा ते एक सेंटीमीटर खोल, कायमच्या जागीच पेरावे. शरद ऋतूच्या अखेरीस पेरल्यास यातली घासणी-भिजवणी नको, कारण हिवाळ्यातील गोठण्या-वितळण्याने कवच आपोआप मऊ होते. उलट घासलेले बी तेव्हा अवेळी रुजून थंडीत मरण्याचा धोका असतो.

आधी दोन जाड बीजपत्रे येतात आणि त्यानंतर पहिले पंजासारखे पान. पहाटे त्या पानाच्या मध्यावर, सगळ्या पर्णिका जुळतात तिथे, दवाचा एक टपोरा थेंब साठलेला असतो. पहिल्या वर्षी झाडाची बहुतेक शक्ती मुळाकडे जाते. फुलांसाठी दुसऱ्या, कधी तिसऱ्या वर्षापर्यंत थांबावे लागते. रोपे स्थिरावेपर्यंत बेताने पाणी द्यावे, नंतर देऊ नये. ससे आणि हरणे कोवळी पाने फस्त करतात, म्हणून जाळीचे कुंपण हवे. ऐन उन्हाळ्यात पाने पिवळी पडून झाड जमिनीलगत वाळते, तेव्हा ते मेले असे समजून खणून काढू नये.

लवदार शेंगा पिकून काळ्या पडल्या की उन्हात पीळ घेऊन तडकतात आणि बिया दूरवर उडवतात. बी हवे असल्यास शेंगांवर आधीच विरळ कापडाची पिशवी बांधावी. बिया विषारी असल्याने त्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

कीटकनाशक अजिबात फवारू नये. पानाचा एका बाजूचा हिरवा गर खाल्लेला आणि उरलेला पातळ पापुद्रा काचेसारखा पारदर्शक दिसत असेल, तर तो रोग नसून कार्नर ब्ल्यूच्या अळीची खूण असू शकते. जवळ मुंग्या घुटमळत असतील तर पान हलकेच उलटून पाहावे. अळीच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड द्रवासाठी त्या तिची राखण करतात. या फुलपाखराच्या वर्षाला दोन पिढ्या होतात आणि दुसऱ्या पिढीची अंडी हिवाळाभर ल्युपिनच्या वाळक्या देठांवर किंवा आसपासच्या पाचोळ्यात राहतात, म्हणून शरदात ती जागा झाडून स्वच्छ करू नये.