गाडीतलं एसओएस बटण खरंच चालतं का? घाटात शिरण्याआधी तपासा

पुढच्या आरशाजवळ, छताच्या दिव्याशेजारी एक लाल बटण असतं. गाडी ताब्यात घेताना शोरूमवाला ते दाखवतो, आणि पुढची चार वर्षं त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. हे बटण म्हणजे एकच एक यंत्र नाही. त्यामागे सिम, दोन अँटेना, माइक, स्पीकर, छोटी बॅटरी आणि एअरबॅगच्या कॉम्प्युटरपर्यंत जाणारी वायर अशी साखळी असते. यातली एक कडी तुटली तरी वरून काही कळत नाही. म्हणून बटण आहे एवढ्यावर समाधान मानू नका.

आधी एक गोष्ट पक्की करा: तुमच्या गाडीतून कॉल जातो कुणाला?

युरोपात ३१ मार्च २०१८ पासून नव्या मॉडेलच्या मोटारींना ‘ईकॉल’ सक्तीचा आहे. तिथे अपघात झाला की गाडी थेट ११२ लावते आणि बोलणं सुरू होण्याआधी १४० बाइट्सचं एक छोटं पाकीट पाठवते. त्यात चासी नंबर, वेळ, ठिकाण, गाडीचं तोंड कुठल्या दिशेला होतं, इंधन कोणतं, कॉल आपोआप लागला की बटण दाबून, एवढं सगळं बसतं. आपल्याकडे खासगी मोटारींना अशी सक्ती नाही. इथे कंपनीच्या कनेक्टेड, म्हणजे स्वतःचं सिम असलेल्या, गाडीतला एसओएस कॉल बहुतेक वेळा कंपनीच्या कॉल सेंटरला जातो, आणि तिथला माणूस पुढे ११२, १०८ किंवा तुम्ही दिलेल्या नातेवाइकांना फोन करतो. त्याच्या पडद्यावर तुमचं ठिकाण दिसतं, पण तो दुसऱ्या राज्यात बसलेला असू शकतो. ‘राहुड घाट’ म्हटल्यावर त्याला काही उमगणार नाही. ‘मुंबई-आग्रा महामार्ग, चांदवडजवळ, मालेगावकडे जाताना’ म्हटलं की उमगेल.

जुन्या गाड्यांत दुसरा प्रकार सापडतो. २०१३ च्या फोर्ड इकोस्पोर्टमध्ये एअरबॅग उघडली किंवा इंधन पंप बंद पडला की गाडी ब्लूटूथने जोडलेल्या तुमच्याच मोबाइलवरून १०८ लावायची. अशा गाड्या जुन्या बाजारात अजून फिरतात. यात गाडीला स्वतःचं सिम नाही. मोबाइल जोडलेला नसेल, चार्ज नसेल किंवा रेंजमध्ये नसेल तर सगळं गप्प. नवीन फोन घेतला आणि गाडीशी जोडायचा राहिला, एवढ्यानेही ही सोय बंद पडते.

जुनी गाडी घेतली असेल तर आधी हे

सेकंडहँड कनेक्टेड गाडीतली सगळ्यात मोठी अडचण तांत्रिक नाही, कागदी आहे. आरसी तुमच्या नावावर झाली तरी गाडीतलं ई-सिम आणि ॲपचं खातं आधीच्या मालकाच्या केवायसीवरच राहतं. अपघात झाला तर फोन त्याच्या बायकोला जाईल. वर, तुमची गाडी कुठे उभी आहे हेही त्याला त्याच्या मोबाइलवर दिसत राहतं.

आरसीची प्रत आणि आधार घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा आणि ‘टेलिमॅटिक्सची (म्हणजे गाडीतलं सिम, जीपीएस आणि कॉल या यंत्रणेची) मालकी बदलायची आहे’ असं स्पष्ट सांगा. ‘ॲप चालू करून द्या’ म्हणालात तर काउंटरवरचा मुलगा जुन्याच खात्यात तुमचा नंबर घालून मोकळा होईल. जुन्या मालकाचं खातं आधी सुटावं लागतं, मग नवीन केवायसी. त्याच भेटीत सबस्क्रिप्शनची शेवटची तारीख विचारून घ्या. सुरुवातीची फुकट वर्षं संपली की सिम बंद होतं. बटणावरचा दिवा मात्र काही गाड्यांत तसाच लुकलुकत राहतो. आपत्कालीन नंबर दोन द्या आणि त्यातला एक तरी असा द्या, जो तुमच्याबरोबर गाडीत बसत नाही. नवरा-बायकोने एकमेकांचेच नंबर दिलेले असतात आणि दोघं एकाच गाडीत असतात.

पंधरा मिनिटांची चाचणी

बेसमेंटमध्ये नाही, झाडाखाली नाही. उघड्या मैदानात गाडी उभी करा. इग्निशन ऑन करा, इंजिन चालू करायची गरज नाही. बटणाजवळचा दिवा स्वतःची तपासणी म्हणून काही सेकंद लाल होऊन विझतो किंवा हिरवा होतो. रंगांचा अर्थ कंपनीगणिक वेगळा असतो, मॅन्युअलचं ते एक पान वाचा. लाल दिवा टिकून राहिला तर सिस्टीममध्ये बिघाड आहे, मग पुढची चाचणी करण्यात अर्थ नाही.

आता ॲपमध्ये गाडीचं ठिकाण बघा. दहा-वीस मीटरचा फरक चालेल. ठिकाण कालचं दाखवत असेल तर जीपीएस अँटेना किंवा सिम यांपैकी एक गेलेलं आहे. ॲपवरून लॉक-अनलॉक करून बघा. ते चाललं आणि ठिकाण जुनंच राहिलं, तर सिम ठीक आहे आणि दोष जीपीएसच्या अँटेनात आहे.

मग आवाज. एसओएस दाबू नका. त्याशेजारचं रस्त्यावरच्या मदतीचं किंवा माहितीचं बटण दाबा. तो कॉलही त्याच सिमवरून जातो, आणि बहुतेक गाड्यांत माइक-स्पीकरही तेच असतात. समोरच्याला सांगा की चाचणी करतोय, आणि दोन प्रश्न विचारा: माझा आवाज स्वच्छ येतो का, आणि तुमच्या पडद्यावर माझं ठिकाण कुठलं दिसतंय? मागच्या सीटवरूनही एक वाक्य बोलून बघा. अपघातात बोलायच्या अवस्थेत कोण असेल ते आधी सांगता येत नाही. एसओएसचीच चाचणी हवी असेल तर याच कॉलवर परवानगी मागा. ११२ वर चाचणी कधीही करू नका. चुकून एसओएस लागलाच तर घाबरून गाडी बंद करू नका. लाइनवर थांबा आणि ‘अपघात नाही, चुकून दाबलं गेलं’ असं सांगा. कॉल अर्धवट तुटला तर पलीकडचा माणूस तो खरा अपघात समजतो, आणि तसंच समजणं त्याचं काम आहे.

बिघाड कुठे होतो

पहिला संशयित बाहेरून बसवलेली अँड्रॉइड स्टीरिओ. मूळ युनिट काढलं की काही गाड्यांत एसओएसचा माइक किंवा स्पीकर त्याच्याबरोबरच जातो. कॉल लागतो, ठिकाणही जातं, पण कुणीच कुणाला ऐकू येत नाही. स्टीरिओ बदलायचीच असेल तर दुकानातून निघण्याआधी वरची आवाजाची चाचणी तिथेच करा.

दुसरा, छत. डेंटिंग-पेंटिंगला आतलं कापड उतरवलं की शार्क फिनची, म्हणजे छतावरच्या माशाच्या कल्ल्यासारख्या अँटेनाची, वायर काढतात. परत लावताना कनेक्टर अर्धवट बसतो. शहरात रेंज दांडगी असल्याने काही जाणवत नाही. पेठ रस्त्याला किंवा हरसूलच्या बाजूला गेलं की गाडी ‘नो नेटवर्क’ होते. हौसेने चिकटवलेली नकली शार्क फिन तर नुसतं प्लास्टिक असतं.

तिसरा, एअरबॅगचा दिवा. तो पेटलेला असेल तर आपोआप लागणारा कॉल विसरा, कारण गाडीला अपघाताची खबर एअरबॅगचा कॉम्प्युटरच देतो. सीट कव्हर बसवताना सीटखालचा पिवळा कनेक्टर ढिला होणं हे याचं नेहमीचं कारण. दिवा नसला तरी एक मर्यादा राहतेच: एअरबॅग किंवा बेल्ट आवळणारा टेन्शनर उडण्याइतका धक्का बसला नाही तर कॉल आपोआप लागत नाही. हळूहळू शेतात कलंडलेली गाडी गप्प राहू शकते. तेव्हा बटण हातानेच दाबावं लागतं, काही गाड्यांत दोन-तीन सेकंद धरून.

आतली छोटी बॅटरी मुख्य बॅटरी चेपली गेली तरी कॉल जावा म्हणून असते. युरोपच्या निकषात तिने पाच मिनिटं बोलणं, मग तासभर परतीच्या कॉलची वाट आणि पुन्हा पाच मिनिटं बोलणं एवढं झेलायचं असतं. उन्हात तापून ती काही वर्षांत दम सोडते. सर्व्हिसिंगला स्कॅनर लावतील तेव्हा टेलिमॅटिक्सचे फॉल्ट कोडही वाचायला सांगा. सांगितल्याशिवाय कुणी वाचत नाही.

टॅक्सी, मिनीबस आणि एआयएस-१४०

१ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना, रिक्षा आणि दुचाकी सोडून, एआयएस-१४० या सरकारी मानकाचा ट्रॅकर (गाडीचं ठिकाण कळवणारा डबा) आणि पॅनिक बटणं लागतात. इथली खोड अगदी ठरलेली आहे. पॅनिक बटण ‘नॉर्मली क्लोज्ड’ असतं, म्हणजे न दाबता सर्किट जोडलेलं आणि दाबल्यावर तुटणारं. हेतू चांगला आहे: कुणी वायर कापली तरी अलर्ट जातो. पण खड्ड्यांत वायर ढिली झाली तरी अलर्ट जातो. मग कंट्रोल रूमचे फोन सुरू होतात, आणि वैतागलेला ड्रायव्हर बटणामागच्या दोन्ही वायरी सोलून पीळ देऊन टेप मारतो. फोन थांबतात. बटणही मेलं.

तपासायला मल्टीमीटर पुरे. ट्रॅकरकडचा प्लग काढा, मीटर कंटिन्युइटीवर (सर्किट जोडलेलं असलं की बीप देणाऱ्या खुणेवर) ठेवा आणि बटणांकडून येणाऱ्या वायरींच्या दोन पिनांना टोकं लावा. न दाबता बीप वाजली पाहिजे, एकेक बटण दाबल्यावर बंद झाली पाहिजे. दाबूनही वाजत राहिली तर मध्ये कुठेतरी पीळ आहे. टेप दिसते का बघत वायर शोधत जा. प्लग काढल्यावर अलर्ट जाणारच, म्हणून ट्रॅकर बसवणाऱ्या एजन्सीला आधी कळवा. मुख्य सप्लाय काढला तरी डबा स्वतःच्या बॅटरीवर चार तास चालला पाहिजे. सप्लाय काढून एजन्सीला शेवटचं ठिकाण किती वाजताचं दिसतं ते तासातासाने विचारा.

खासगी गाडीत ऑनलाइन मागवलेला स्वस्त ट्रॅकर बसवणार असाल तर खोक्यावर ‘२जी’ लिहिलंय का ते बघा. जिओला २जी नाहीच, त्यामुळे त्या डब्यात जिओचं सिम टाकून काही होणार नाही. डबा पत्र्याच्या आड लपवला तरी जीपीएस मिळणार नाही. वरती प्लास्टिक किंवा काच हवी.

ट्रॅकर बसवल्यावर सकाळी गाडी उचलत नसेल तर दोष बॅटरीला देण्याआधी विजेची गळती मोजा. दहाच्या पान्याने निगेटिव्ह टर्मिनल सोडवा, मल्टीमीटर १० अँपिअरवर ठेवून टर्मिनल आणि बॅटरीच्या मध्ये जोडा, दारं लावून अर्धा तास थांबा. या काळात इग्निशन फिरवू नका, मीटरचा फ्यूज उडेल. ५० मिलीअँपिअरच्या आत आकडा ठीक. १०० मिलीअँपिअर म्हणजे दिवसाला २.४ अँपिअर-तास, ४५ अँपिअर-तासांची बॅटरी नऊ-दहा दिवसांत अर्ध्यावर येते. बहुतेक वेळा चूक एवढीच असते की डब्याची इग्निशनची वायर कायम चालू असलेल्या फ्यूजला जोडलेली असते, म्हणून डबा कधी झोपतच नाही.

गाडीत काहीच नसेल तर

आयफोन १४ आणि त्यानंतरच्या फोनमध्ये जोरदार अपघात ओळखण्याची सोय आहे. सूचना येते, २० सेकंदांत रद्द केली नाही तर फोन स्वतः आपत्कालीन नंबर लावतो. गुगल पिक्सेलमध्ये ती पर्सनल सेफ्टी ॲपमध्ये जाऊन सुरू करावी लागते. लोकेशन आणि माइकची परवानगी नाकारली असेल तर ती नुसती नावाला. बाकीच्या स्मार्टफोनवर पॉवर बटण पटापट दाबून, फोननुसार तीन किंवा पाच वेळा, आपत्कालीन कॉल लागतो. तुमच्या फोनवर किती वेळा ते सेटिंगमध्ये आत्ताच बघून ठेवा.

कॉल लागल्यावर

आधी ठिकाण, मग किती जण जखमी, मग बाकीचं. कसारा घाटात जुना आणि नवा असे दोन रस्ते आहेत. कुठला, आणि नाशिककडे तोंड आहे की मुंबईकडे, हे न सांगितल्यास रुग्णवाहिका चुकीच्या रस्त्याने येऊन वळायला पुढे किती जाईल याचा नेम नाही. समृद्धीच्या इगतपुरीजवळच्या बोगद्यात, जो सुमारे पावणेआठ किलोमीटर लांब आहे, जीपीएसला आकाशच दिसत नाही, त्यामुळे पडद्यावर तुमचं ठिकाण बोगद्याच्या तोंडाशीच अडकलेलं असू शकतं. कुठल्या बाजूने शिरलात आणि शिरून किती मिनिटं झाली ते सांगा. महामार्गावर किलोमीटरचा दगड दिसत असेल तर तोच वाचा, आणि १०३३ हा राष्ट्रीय महामार्गांचा मदत नंबरही ध्यानात असू द्या.

अक्षांश-रेखांश वाचून दाखवायची वेळ आली तर नाशिक जिल्ह्यात पहिला आकडा १९ किंवा २० ने आणि दुसरा ७३ किंवा ७४ ने सुरू होतो. उलटं सांगितलं तर ठिकाण थेट आर्क्टिकच्या समुद्रात जातं. दशांशानंतर पाच अंक वाचा, तेवढ्यात अचूकता साधारण एक मीटरवर येते. गाडीतून बाहेर पडून कठड्यापलीकडे उभं राहायचं असेल, आणि महामार्गावर तेच करा, तर निघण्याआधी लाइनवरच्या माणसाला स्वतःचा मोबाइल नंबर द्या. कॉल सेंटर परत फोन करतं ते गाडीला, आणि गाडी तो रिकाम्या सीटसमोर उचलते.