सोनकिडा कोणत्या गटातला, हे कसे ओळखावे

पावसाळ्यात नागपूरभोवतीच्या शेतांच्या धुऱ्यावर बाभळी पालवल्या, की त्यांच्यावर मोठे चकचकीत सोनकिडे दिसू लागतात. बहुतेकांना ही एकच जात वाटते. प्रत्यक्षात या कुळात, म्हणजे ब्युप्रेस्टिडीत, जगभरात सुमारे 15,000 जाती आहेत. त्या साधारण सहा उपकुळांत मांडल्या जातात आणि त्यांतली पाच घराजवळही शोधता येतात. मात्र ओळखायला बसताना एक पथ्य पाळा : रंग सगळ्यांत शेवटी बघा.

कारण यातली धातूसारखी चमक बहुतांशी रंगद्रव्याची नसते. कडक पाठीत अतिशय पातळ थर एकावर एक असतात, त्यांवरून परावर्तित होणारा प्रकाश आपल्याला हिरवा, निळा किंवा तांबूस दिसतो. किडा थोडा वळला की रंगही वळतो. म्हणूनच ही चमक किडा मेल्यावरही टिकते. भारतात सोनकिड्यांचे पंख कापडावर शिवून भरतकाम होत असे, तर जपानच्या होर्यू-जी मंदिरातला सातव्या शतकातला एक देव्हारा अशाच पंखांनी सजवलेला आहे. अशा रंगावरून जात ठरवायला जाल तर फसाल.

आधी किडा गाठा

बाभूळ, हिवर आणि रानफुले ही पहिली ठिकाणे. सेमिनरी हिल्स, गोरेवाडा किंवा अंबाझरीच्या बाजूला गेलात, तर वनखात्याच्या जागेत फक्त बघा आणि फोटो काढा. धुऱ्यावरची बाभूळ सुरुवातीला पुरेशी आहे. सोनकिडे उन्हाचे प्राणी. भर उन्हात ते चपळ असतात आणि चाहूल लागताच उडतात. सकाळी लवकर किंवा ढगाळ वेळी ते सुस्त असतात, फोटोला तीच वेळ चांगली. तुमची सावली त्यांच्यावर पडू देऊ नका. कित्येक जाती घाबरल्या की पाय आवळून खाली पडतात आणि गवतात दिसेनाशा होतात. यासाठी फांदीखाली छत्री उलटी धरावी.

आरागिरणीजवळचा ताजा कापलेला लाकूडफाटा विसरू नका. अनेक जातींच्या माद्या ताज्या लाकडावर अंडी घालायला येतात. मला स्वतःला बाभळीपेक्षा असे ढीग अधिक आवडतात, कारण तिथे छोटे, मळकट दिसणारे आणि सहसा कुणी न बघितलेले सोनकिडे भेटतात.

तो खरंच सोनकिडा आहे का?

मिशा बघा. सोनकिड्याच्या मिशा आखूड आणि करवतीसारख्या दातेरी असतात. मिशांच्या टोकाला उघडमीट होणाऱ्या पाकळ्या असतील, तर तो शेणकिड्यांच्या कुळातला. शरीर लांबट, मागे निमुळते, आणि उताणा ठेवल्यावर टक् आवाज करत उडी मारत असेल, तर तो टिचकीकिडा. सोनकिड्याची छाती, म्हणजे डोक्यामागचा भाग, मागच्या भागाला घट्ट बसलेली असते, त्याला अशी टिचकी मारता येत नाही. खालून बघितल्यास पोटाचे पहिले दोन पट्टे एकमेकांना जुळलेले दिसतात. म्हणून फोटो तीन हवेत : वरून, बाजूने आणि शक्य असेल तर खालून. शेजारी रुपयाचे नाणे ठेवा, आकाराचा अंदाज येतो.

आता उपकुळ

मोठा, जाडजूड, छातीवर खोल खळगे आणि दोन्ही पंखांच्या मध्ये वरच्या टोकाला छोटा त्रिकोण नाहीच, तर तो ज्युलोडिनी. बाभळीवरचा स्टर्नोसेरा यातलाच. स्टर्नोसेरा क्रिसिसची छाती हिरवी आणि पंख तपकिरी असतात, एवढ्यापुरता रंग उपयोगी. याच्या अळ्या जमिनीत राहून मुळे खातात.

छोटा, फुलात बसलेला, उडतानाही पुढचे पंख न उघडणारा दिसला, तर पॉलिसेस्टिनीतला अ‍ॅक्मिओडेरा. त्याचे दोन्ही कडक पंख एकमेकांना चिकटलेले असतात, बाजूच्या खाचेतून मागचे पंख बाहेर येतात. उडताना तो माशी वाटतो.

चपटा, गडद, पाठीवर तांबूस खळगे, कापलेल्या लाकडावर धावणारा : ब्युप्रेस्टिनीतला क्रिसोबोथ्रिस.

सडपातळ, बहुधा सेंटीमीटरभर किंवा त्याहून लहान : अ‍ॅग्रिलिनी. यातल्या अ‍ॅग्रिलस या एकाच वंशात, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, 3,000 हून अधिक जाती आहेत. प्राण्यांच्या इतक्या मोठ्या वंशाला जोड सापडणे कठीण. यातलीच एक आशियाई जात 2002 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये सापडली आणि तिने तिथली अ‍ॅश झाडे कोट्यवधींनी मारली. उरलेल्या मोठ्या चकचकीत जाती बहुधा क्रिसोक्रोइनीत येतात. त्याच उपकुळातल्या स्फेनोप्टेराच्या अळ्या भुईमुगाच्या खोडात आणि मुळात शिरतात, झाड वाळते.

झाड लिहून ठेवा

बऱ्याच जाती ठरावीक झाडांवरच वाढतात, म्हणून फोटोइतकीच झाडाच्या नावाची नोंद महत्त्वाची. सालीत अळी सापडली आणि तिची छाती पुढे रुंद नि चपटी, मागचे अंग बारीक असेल, तर ती नक्की नोंदवा. अ‍ॅग्रिलस सालीतून बाहेर पडतो तेव्हा भोकाची एक बाजू सरळ आणि दुसरी गोलाकार असते. गोल भोक दुसऱ्या कुणाचे असू शकते.

सगळी माहिती आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकता येते. तिथे अ‍ॅग्रिलसला जातीचे नाव देण्याची घाई करू नका. यातल्या बहुतेक जाती फोटोवरून वेगळ्या करता येत नाहीत, त्यासाठी नराचे जननेंद्रिय सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे लागते. नाव वंशापर्यंत ठेवा आणि खाली झाड, तारीख, जागा लिहा.