तीनचाकीवर बसवताना कंबर आधी, पाय मग

सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा कमी असणं) असो, स्नायूंची कमजोरी असो, मुलाचा दोन चाकांवर तोल राहत नसेल तर मागे दोन चाकं असलेली सायकल हवी. तयार घ्या, नाहीतर सायकलवाला आणि वेल्डिंगवाला दोघांना एकत्र बसवून बनवून घ्या. पैसे मात्र रंग आणि गिअरवर घालवू नका. सीट, पट्टे आणि पायडलवर घाला. खुब्याचा सांधा सरकलेला असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल किंवा फिट्स येत असतील, तर आधी डॉक्टरांना आणि फिजिओला विचारा.

मापं नेहमीचे बूट आणि स्प्लिंट (पायाला आधार देणारा साचा) घालूनच घ्या. अनवाणी घेतलेलं माप हमखास चुकतं.

पार्किंग ब्रेक लावा, तरीही मागच्या चाकांना विटा लावा. मुलाला बसवलं की कंबर सीटच्या पाठीला पूर्ण टेकवा आणि पहिला पट्टा तिथेच बांधा. पट्टा पोटावर नको, मांडी आणि पोटाच्या घडीत हवा. त्याखाली जेमतेम दोन बोटं जावीत. कंबर पुढे घसरली की पाय ताठ होतात. मग आपण पायांशी झटत बसतो, आणि चूक असते वर. छातीचा पट्टा सगळ्यांना लागत नाही. धड स्वतः सावरता येत असेल तर नकोच.

आता पाय. साध्या पायडलवर पाऊल टिकत नाही. टाचेला कड असलेली पाटी पायडलवर बसवा, एक वेल्क्रो बोटांवरून, दुसरा घोट्यावरून. वेल्क्रोचं लोंबणारं टोक आत दुमडा, नाहीतर ते चेनमध्ये जातं. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पूर्ण सरळ झाला तर ताठर पाय तिथेच अडकतो.

वर येताना गुडघा पुरेसा वाकत नसेल तर क्रँक, म्हणजे पायडल ज्याच्या टोकाला बसतं ती दांडी, लहान करा. मोठ्यांच्या सायकलचा क्रँक बहुधा 170 मिमी असतो. तो 140 केला तर सीटही 30 मिमी वर घ्यावी लागते; मग पायडल सर्वांत वर असताना गुडघ्याला 60 मिमी जागा जास्त मिळते. क्रँक बदलून सीट तशीच ठेवली तर निम्मा फायदा वाया. दुकानात हे नेमकं राहून जातं.

फ्रीव्हील की फिक्स? फ्रीव्हीलमध्ये पाय थांबवले तरी चाक फिरत राहतं. फिक्समध्ये चाक फिरतं तोवर पायडल फिरतच राहतं, त्यामुळे अशक्त पायांना लय सापडते. पण उतारावर पाय थांबवता येत नाहीत आणि सुटलेल्या पावलावर पायडल आदळतं. जुन्या नाशकात गोदेकडे उतरणाऱ्या गल्ल्यांत फिक्स सायकल नकोच. पाय स्वतः फिरवता येत असतील तर फ्रीव्हीलच बरं.

शिकवायला सपाट मैदान बघा. रस्ता पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतरता असतो आणि तीनचाकी त्या बाजूला ओढली जाते. ती वळताना दोनचाकीसारखी कलत नाही, म्हणून वेगात वळवली की उलटते. हँडल ठराविक कोनापुढे वळू नये म्हणून अडसर लावून घ्या, आणि मागे धरायला दांडा. दांडा धरणाऱ्याने ढकलायचं नाही, फक्त दिशा आणि ब्रेक सांभाळायचा. ढकललं की मूल पाय मारणं सोडतं. हेल्मेटची कड भुवईच्या दोन बोटं वर.

पहिल्या दिवशी दहा मिनिटं पुरे. उतरल्यावर टाच, घोटा, मांडीची आतली बाजू बघा. अर्ध्या तासात लाली गेली नाही तर तिथे फोम लावा. एप्रिल-मेमध्ये उन्हात ठेवलेलं रेक्झिन आणि बकल चटका देतं, आधी हात लावून बघा.

उतरवताना ब्रेक, मग दोन्ही पाय सोडा, कंबरेचा पट्टा शेवटी. तो आधी सोडला आणि मूल पुढे झुकलं, तर पाऊल पाटीतच अडकून घोटा मुरगळतो.