शॅडो घ्यायची तर आधी ब्रेक, मग चामडं

रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडो विकत घेणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. इंग्लंडमध्ये बऱ्या अवस्थेतली शॅडो एखाद्या नव्या साध्या हॅचबॅकच्या किमतीत मिळते. अवघड असतात ती पुढची वर्षं. माझी शॅडो १९७४ सालची, गडद हिरवी. मी राहते चेशरमध्ये, ती जिथे बांधली गेली त्या क्रूच्या कारखान्यापासून फार लांब नाही. मूळची मी मिरजेची, पेशाने भूलतज्ज्ञ. दाब, झडपा, नळ्या आणि वायूचे सिलिंडर यांच्यात आयुष्य गेलं. त्यामुळे या गाडीतलं काही मला सगळ्यात आधी समजून घ्यावंसं वाटलं असेल, तर ती तिची हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा. कोणी शॅडो घ्यायची म्हणून विचारायला आलं, की मी हेच सांगते: अक्रोडाचं लाकूड, चामडं, समोरची चकचकीत जाळी नंतर बघा. आधी ब्रेक बघा.

१९६५ मध्ये ही गाडी आली तेव्हा कंपनीने बऱ्याच गोष्टी एकदम बदलल्या. वेगळी चासी गेली आणि मोनोकॉक, म्हणजे सांगाडा आणि कवच एकच असलेली बॉडी आली. चारही चाकांना डिस्क ब्रेक आले. सिट्रोएन या फ्रेंच कंपनीच्या परवान्याने उच्च दाबाची हायड्रॉलिक यंत्रणा आली. व्ही-८ इंजिनाच्या मधल्या खोबणीत दोन छोटे पंप बसवलेले असतात आणि कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा हलवणारा दांडा, त्यांना चालवतो. प्रत्येक पंप आपापला अ‍ॅक्युम्युलेटर भरतो. अ‍ॅक्युम्युलेटर म्हणजे एक पोलादी गोळा. त्याच्या आत रबरी पडदा, पडद्याच्या एका बाजूला नायट्रोजन आणि दुसऱ्या बाजूला ब्रेकचं तेल. हा दाब सुमारे २,५०० पीएसआयपर्यंत (दर चौरस इंचाला इतके पौंड) चढतो. तुमचा पाय पेडलवर पडतो तेव्हा तुम्ही मुख्यतः झडप उघडता. दोन टनांहून जड गाडी थांबवण्याची बहुतेक ताकद त्या साठवलेल्या दाबातून येते. मागची बाजू ओझ्याप्रमाणे समतल ठेवण्याचं कामही हाच दाब करतो.

म्हणून गाडी बघायला जाल तेव्हा ही तपासणी स्वतः करा, विकणाऱ्याला करू देऊ नका. गाडी थंड असू द्या. इंजिन चालू केलं की ब्रेकच्या दाबाचे दोन्ही इशारादिवे थोड्या वेळात विझायला हवेत. चार-पाच मिनिटं इंजिन चालू द्या, मग बंद करा आणि चावी फिरवून फक्त इग्निशन चालू ठेवा. आता ब्रेकचं पेडल नीट दाबून सोडत राहा आणि मोजा. अ‍ॅक्युम्युलेटर निरोगी असतील तर वीस-पंचवीस वेळा दाबूनही दिवा लागत नाही. पाच-सहा दाबांतच लागला, तर त्या गोळ्यातला नायट्रोजन संपत आला आहे किंवा पडदा फाटला आहे. एक दिवा लवकर लागला आणि दुसरा उशिरा, तर कोणती बाजू दुखते आहे तेही कळलं. अशी गाडी घेऊच नका असं मी म्हणत नाही. पण गोळे, पंप आणि रबरी होज (तेलाच्या लवचीक नळ्या) यांची दुरुस्ती किमतीतून वजा करून मगच बोलणी करा, कारण तो खर्च भलताच मोठा असतो.

आता तेल. शॅडोत आरआर ३६३ नावाचं ब्रेक फ्लुइड लागतं. ते नेहमीच्या ग्लायकॉलच्या ब्रेक फ्लुइडसारखंच असतं, फक्त पंपांच्या वंगणासाठी त्यात जास्तीची सोय केलेली असते. १९८० मध्ये आलेल्या सिल्व्हर स्पिरिटपासून कंपनी हिरव्या खनिज तेलाकडे वळली. ही दोन तेलं एकमेकांची वैरी आहेत. शॅडोच्या टाकीत खनिज तेल गेलं तर सगळी सीलं फुगतात आणि यंत्रणा मुळापासून उघडावी लागते. गॅरेज कितीही नावाजलेलं असो, टाकीचं झाकण उघडताना मी शेजारी उभी असते आणि डब्यावरचं लेबल वाचते. तुम्हीही लाजू नका.

ग्लायकॉल हवेतली ओल शोषतं आणि त्या ओलीने कॅलिपरचे, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या चिमट्याचे, सिलिंडर आतून गंजतात. दर दोन वर्षांनी तेल बदला, गाडी कितीही कमी चालली असली तरी. कमी चालणाऱ्या गाडीला तर ते जास्तच लागू. हे तेल रंगावर सांडलं तर रंग सोलून निघतो, म्हणून मडगार्डवर जाड कापड टाका आणि पाण्याची बादली जवळ ठेवा. रबरी होजची तारीख ठाऊक नसेल तर ते जुने आहेत असं धरून सगळे एकदम बदला. बाहेरून धडधाकट दिसणारा होज आतून सुजलेला असतो, मग ब्रेक सोडल्यावरही पॅड डिस्कला घासत राहतात.

इथे माझ्या पेशातलं एक सांगायलाच हवं. या दाबाखालच्या तेलाची बारीक चिळकांडी कातडीत सुईसारखी घुसते. बोटावर टाचणीएवढं छिद्र दिसतं, सुरुवातीला दुखतही नाही, आणि आत तेल स्नायुबंधाच्या आवरणातून तळहातापर्यंत पसरलेलं असतं. अशा रुग्णांना मी शस्त्रक्रियेसाठी भूल दिली आहे. उशीर झाला की बोट जातं. म्हणून गळती कधीही हाताने चाचपून शोधू नका, पुठ्ठा धरून शोधा. कोणताही जोड सैल करण्याआधी इंजिन बंद ठेवून पेडल इतक्या वेळा दाबा की दोन्ही दिवे लागतील, आणि त्यानंतरही दाबत राहा. मग ब्लीड स्क्रूला, म्हणजे तेल बाहेर सोडायच्या स्क्रूला, नळी लावून उरलासुरला दाब सोडा. चिळकांडी लागलीच तर जखम छोटी दिसते म्हणून घरी बसू नका, तडक इस्पितळात जा आणि डॉक्टरांना उच्च दाबाचं तेल घुसलंय हे स्पष्ट सांगा. आणि गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विसंबू नका, भक्कम स्टँड हवेतच.

गंज तपासायला खिशात लोहचुंबक न्या. दारं, बॉनेट आणि डिकीचं झाकण अ‍ॅल्युमिनियमचं असतं, तिथे चुंबक चिकटणार नाही, घाबरू नका. मागच्या चाकांवरच्या कमानी, दारांखालच्या सिल (उंबरठ्यासारख्या पट्ट्या) आणि मागच्या स्प्रिंगांच्या बैठका इथे मात्र तो घट्ट चिकटायला हवा. सुटला तर रंगाखाली पुट्टी भरलेली आहे. बैठका खालून टॉर्च लावून बघा, कारण तिथला गंज वरून दिसत नाही आणि वेल्डिंगचं काम किचकट असतं.

इंजिन अ‍ॅल्युमिनियमचं, १९७० पासून ६,७५० सीसीचं. ते दणकट आहे, पण त्याचे लायनर (सिलिंडरची आतली नळकांडी) थेट कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात, बसलेले असतात. खालची सीलं गेली की ब्लॉकच्या बाजूच्या बारीक छिद्रांतून कूलंट झिरपू लागतं. ती छिद्रं कंपनीने मुद्दाम ठेवलेली आहेत, मालकाला वेळेवर कळावं म्हणून. विकणाऱ्याने ती बुजवलेली दिसली तर सरळ घरी परत या. गंजरोधक असलेलं अँटिफ्रीझ पाण्यात निम्म्या प्रमाणात मिसळून घाला आणि तेही दर दोन वर्षांनी बदला. गिअरबॉक्सची फार काळजी नको. माझ्या गाडीत जनरल मोटर्सचा टर्बो हायड्रामॅटिक ४०० आहे, तो कित्येक अमेरिकन गाड्यांत असतो आणि त्याचे भाग सहज मिळतात.

पेट्रोलचं बघा. २०२१ च्या सप्टेंबरपासून ब्रिटनमध्ये साधं पेट्रोल ई-१०, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं झालं. त्यातलं इथेनॉल जुने रबरी भाग कुरतडतं आणि ओल धरतं. पाच टक्क्यांपर्यंतच इथेनॉल असलेलं महागडं सुपर ई-५ च भरा, आणि पेट्रोलचे होज इथेनॉलला टिकणारे घाला. टायर नक्षी बघून ठरवू नका, कडेवरचा चार आकडी कोड वाचा: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. या गाड्यांचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात.

आणि चालवा. दर पंधरवड्याला तासभर, इंजिन आणि सायलेन्सर पूर्ण तापेपर्यंत. नुसतं घरासमोर चालू करून ठेवण्याने सायलेन्सरमध्ये पाणी साठतं आणि पंपांच्या सीलांनाही पुरेसं काम मिळत नाही. हिवाळ्यात इथे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, आणि मिठाने गंज चढतो. मीठ पडलं की मी गाडी काढत नाही. पाऊस पडून रस्ता धुतला गेला की काढते आणि परतल्यावर खालून पाण्याने स्वच्छ करते.

चामडं साबणाने नको, मऊ क्लीनरने पुसून वर्षातून दोनदा क्रीम चोळा. लाकडावर थेट ऊन येऊ देऊ नका, लाखेला भेगा पडतात.

चाळीस वर्षं उलटलेली आणि फारशी न बदललेली गाडी इथे रस्ताकरातून आणि वार्षिक एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का या तपासणीतून सुटते. करमाफीसाठी ऐतिहासिक वाहन म्हणून नोंद करून घ्यावी लागते. मी तरीही दरवर्षी एमओटी करून घेते, परक्या डोळ्यांनी ब्रेक बघितलेले बरे. विमा गाडीची किंमत कंपनीशी आधीच ठरवून घ्या, नाहीतर अपघातानंतर कंपनी जुन्या सेडानचा भाव हातात ठेवेल. आणि रोल्स-रॉइस एन्थुझिअ‍ॅस्ट्स क्लबचं सभासद व्हा. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या या क्लबचं मुख्यालय नॉर्थॅम्प्टनशरमधल्या पॉलर्सपरी गावी हंट हाऊसमध्ये आहे. कारखान्यातल्या जुन्या नोंदी तिथे जपलेल्या आहेत. चासी नंबर कळवलात की तुमची गाडी कोणत्या रंगात, कोणत्या चामड्यासह बाहेर पडली हे कळू शकतं. ते तांत्रिक वर्गही घेतात. ब्रेकच्या यंत्रणेचा वर्ग असेल त्या दिवशी जागा आधी राखून ठेवा.