रीरेझ झालेला पॉट: या चुका टाळा

दिवाळीतल्या तीनपत्तीवरून पोकरकडे वळलेले अनेक जण गंगापूर रोडवरील आमच्या शनिवारच्या बैठकीला येतात आणि सगळे एकाच जागी घसरतात. फ्लॉपपूर्वी, म्हणजे टेबलावरचे पहिले तीन सामाईक पत्ते उघडण्याआधी, कोणी रेझ केले (बोली वाढवली), त्यावर दुसऱ्याने रीरेझ केले (ती आणखी वाढवली) आणि पहिल्याने ते कॉल केले (तेवढ्याच चिप्स भरल्या), तरीही पुढचा डाव ते नेहमीच्या पॉटसारखाच (पॉट म्हणजे डावात मधे जमलेल्या चिप्स) खेळतात. आम्ही पैसे लावत नाही; प्रत्येकाला २०० चिप्स मिळतात आणि १ व २ चे ब्लाइंड (दोन जागांवरील खेळाडूंनी पत्ते पाहण्याआधीच लावायच्या चिप्स; १ चा स्मॉल, २ चा बिग) रात्रभर बदलत नाहीत.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे पॉट न मोजता बेट करणे, म्हणजे चिप्स लावणे. बटनवरून (फ्लॉपनंतर सर्वांत शेवटी खेळणाऱ्या जागेवरून) ६ चे रेझ झाले आणि बिग ब्लाइंडने कॉल केले, तर पॉट १३ चा होतो आणि प्रत्येकासमोर त्याच्या जवळपास पंधरा पट चिप्स उरतात. त्याच रेझवर स्मॉल ब्लाइंडने २२ चे रीरेझ केले आणि बटनने ते कॉल केले, तर पॉट ४६ चा होतो, हाताशी १७८ राहतात, म्हणजे चार पटही नाहीत. इतक्या चिप्समध्ये दोन मोठे बेट केले की परतीची वाट बंद होते.

हे मला एका कोजागरीच्या रात्री कळले. स्मॉल ब्लाइंडमध्ये माझ्या हाती एक्का-राजा होता, वरील हिशेबानेच पॉट ४६ चा झाला आणि फ्लॉपवर दश्शी, अठ्ठी, पंजी आली. रीरेझ मी केले आहे, तेव्हा बेटही मीच केले पाहिजे, या हट्टाने मी ४० लावले. बटनवरच्या खेळाडूने कॉल केले. टर्नला (चौथ्या सामाईक पत्त्याला) तिर्री आली, मी ७० लावले. त्याने पुन्हा कॉल केले. रिव्हरला (पाचव्या, शेवटच्या पत्त्याला) दुर्री येईपर्यंत पॉट २६६ चा झाला होता, माझ्याकडे ६८ उरले होते आणि हातात जोडीसुद्धा नव्हती. मी चेक केले (काही न लावता पाळी पुढे दिली), त्याने सगळे लावले आणि मी फोल्ड केले (डाव सोडला). त्याने गुलाम-दश्शी दाखवली. तसा फ्लॉप मधल्या पत्त्यांनी कॉल करणाऱ्याच्याच सोयीचा असतो. तिथे मी आता एक्का-राजा बहुतेक वेळा चेक करतो, आणि बेट करण्याआधी उरलेल्या चिप्सना पॉटने मनातल्या मनात भागतो. तेवढा वेळ घेतला की नवशिके चुळबुळतात; चुळबुळू द्यावे.

दुसरी चूक लहान जोडीची. सत्त्यांची जोडी घेऊन रीरेझ कॉल करायला आणखी १६ चिप्स लागतात आणि समोर १७८ असतात, म्हणजे अकरा पट. फ्लॉपवर तिसरी सत्ती सुमारे साडेआठ वेळांत एकदा येते आणि ती आल्यावरही समोरचा दर वेळी सगळे देत नाही. त्यामुळे बटनवर नसलो तर मी ती जोडी विनातक्रार फोल्ड करतो.

भिन्न रंगांचा एक्का-गुलाम घेऊन सावध खेळाडूचे रीरेझ कॉल करू नये. त्याच्याकडे एक्का असला, तर सोबत बहुधा राजा किंवा राणी असते.

राजांची जोडी हाती असताना फ्लॉपवर एक्का आला म्हणून लगेच फोल्ड करू नये. लहान बेट असेल तर एकदा कॉल करावे.

निम्मा स्टॅक (आपल्या निम्म्या चिप्स) लावून रीरेझवर पुन्हा रेझ करायचे आणि समोरच्याने सगळे लावल्यावर फोल्ड करायचे, हा प्रकार तर मला कधीच समजलेला नाही.

रात्र चढली, दोघांकडे ४००-४०० चिप्स जमल्या, की मात्र हिशेब पालटतो. तोच ४६ चा पॉट असला तरी मागे ३७८ असतात, म्हणजे आठ पट. तेव्हा सत्त्यांची जोडी कॉल करण्याजोगी होते, आणि नुसत्या राजांच्या जोडीवर फ्लॉप, टर्न आणि रिव्हर अशा तिन्ही वेळा मोठे बेट मी करत नाही.