धरणाच्या पॉवरहाऊसवर अप्रेंटिस म्हणून जाताय? आधी पाणी शिका

इलेक्ट्रिकल डिप्लोमा करून येलदरीच्या पॉवरहाऊसवर शिकायला गेलो तेव्हा माझ्या डोक्यात नुसता जनरेटर होता. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर १९६८ चं हे धरण, पायथ्याशी साडेसात मेगावॉटचे तीन संच, म्हणजे एकूण २२.५. आपल्याकडे २५ मेगावॉटपर्यंत स्मॉल हायड्रोच, म्हणजे छोटं जलविद्युत केंद्रच धरतात, कोयनेच्या १९६० मेगावॉटपुढे हे कितीसं असं मित्र म्हणायचे आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायचं.

पण संच कधी चालवायचा हे आपल्या हातात नसतंच. धरण जलसंपदा खात्याचं, पॉवरहाऊस महानिर्मिती या सरकारी वीज कंपनीकडे. शेतीचं आवर्तन सुटलं की पाणी टर्बाइनमधून खाली सिद्धेश्वर धरणात आणि तिथून कालव्याला, म्हणजे तेच पाणी आधी वीज देतं मग कुणाचा तरी गहू भिजवतं, हे मला फार आवडलं. पाऊस नाही झाला की संच उभे. परळीचं औष्णिक केंद्रसुद्धा २०१५ ला पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं, मराठवाड्यात वीज म्हणजे शेवटी पाणीच. म्हणून रोज पातळी बघा. हिशोब सोपाय, सेकंदाला १० घनमीटर पाणी २५ मीटरवरून आलं तर साधारण २ मेगावॉट, पातळी उतरली की तेवढ्याच पाण्यात वीज कमी.

आणि छोटा संच म्हणून कमी लेखू नका, थंड पडलेला कोळशाचा संच चालू व्हायला कित्येक तास लागतात, हा काही मिनिटांत ग्रिडवर येतो.

सिंक्रोनायझिंग, म्हणजे संचाचा मेळ जुळवून तो ग्रिडला जोडणं, पुस्तकातून येत नाही. आमचे ऑपरेटर काका आधी व्होल्टेज जुळलंय का बघायला लावायचे, मग सिंक्रोस्कोपचा, म्हणजे संच आणि ग्रिडचा मेळ दाखवणाऱ्या मीटरचा काटा. तो घड्याळाच्या दिशेने अगदी हळू फिरला पाहिजे, बाराच्या खुणेच्या किंचित आधी ब्रेकर, म्हणजे संच ग्रिडला जोडणारा स्विच द्यायचा. "घाई नको, जाऊ दे ही फेरी." मी तीन फेऱ्या सोडल्या, तळहात ओला झालेला, चौथीला दिला आणि मशीनने हूं की चूं न करता लोड घेतला.

अजून एक, पावसाळ्यात लोड आपोआप उतरायला लागला तर नवीन पोरं गव्हर्नरकडे, म्हणजे टर्बाइनचं पाणी कमी-जास्त करणाऱ्या यंत्राकडे धावतात, मीही धावलो होतो. काका टॉर्च घेऊन वर ट्रॅश रॅककडे, म्हणजे टर्बाइनला पाणी जातं तिथल्या कचरा अडवणाऱ्या जाळीकडे गेले. जाळीला फांद्या, गवत, एक अख्खी बाभळ अडकलेली.